रायफल ऐन वेळी दगा का देते? आणि ड्रोनच्या काळात तिच्यावर किती भिस्त ठेवायची?

चंद्रभागा_तीर
गौरी जेवल्या त्या दुपारी आमच्याकडे वाद पेटला. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. बहुतेक सगळी नोकरी एसएलआर या जुन्या जड रायफलीवर, शेवटची काही वर्षं इन्सास ही देशी रायफल. माझा भाचाही पायदळात, नोकरीला तीन वर्षं झालीत, हातात एके. तो बोलता बोलता म्हणाला, "आजोबा, एके कधी अडकतच नाही." मामांचा हात ताटातच थांबला. "न अडकणारी बंदूक अजून कुणी बनवलेली नाही. अडकल्यावर तू काय करतोस ते सांग." त्यात धाकटा भाऊ मध्ये पडला, की आता माणसं ड्रोनने मरतात, तुम्ही रायफलीचं काय घेऊन बसलात! वाढायला आलेली बहीण पुरणपोळीचं ताट घेऊन उभीच राहिली.

माझे दोन प्रश्न आहेत. रायफलीचा भरवसा नेमका कशात असतो: बनावटीत, गोळीत, की वापरणाऱ्याच्या हातात? आणि लढाईची तऱ्हाच बदलली असेल तर पायदळाच्या जवानाच्या या हत्याराचं काम आता काय उरलंय? जाणकारांनी लिहावं. घरातला एक पोरगा रोज हे खांद्यावर घेऊन फिरतो, म्हणून खरोखर समजून घ्यायचंय.

जुना_फौजी
मामा बरोबर बोलले.

एसएलआरवर मी १४ वर्षं काढली. ७.६२ची (म्हणजे मिलिमीटरमध्ये जाडी) गोळी, २० चं मॅगझिन, लांबी ४५ इंच, वजन भरल्यावर पाच किलोच्या घरात. तिला गॅस रेग्युलेटर असायचा. नळीतल्या गॅसपैकी किती पिस्टनवर सोडायचा आणि किती बाहेर, हे त्या कडीने ठरायचं. रायफल स्वच्छ असताना एक आकडा, घाण धरल्यावर दुसरा. तो आपल्या रायफलीचा आपल्यालाच माहीत असावा लागायचा. मागच्या माणसाची रायफल चुकून उचलली तर पहिल्या दोन गोळ्यांतच कळायचं.

एकदा पावसाळ्यात फायरिंगला गेलो होतो. आडवं होताना मॅगझिनचं तोंड चिखलात टेकलं आणि मी ते बाहीने पुसून तसंच लावलं. चौथ्या गोळीला बोल्ट (गोळी आत ढकलून नळी मागून बंद करणारा तुकडा) अर्ध्यात थांबला. उस्तादांनी मागून ओरडून विचारलं, "फौरी इलाज?" (रायफल अडकल्यावर लगेच करायची कृती.) डोकं कोरं, पण हात चालले: कॉक, मॅगझिन काढ, चेंबर (गोळी बसते ती नळीची मागची जागा) बघ, मॅगझिन बदल, पुन्हा कॉक, फायर. संध्याकाळी सगळ्या कंपनीसमोर तेच मॅगझिन मला २० वेळा भरायला आणि उपसायला लावलं. दोष रायफलीचा नव्हता, माझ्या बाहीचा होता.

बट नंबर, म्हणजे रायफलीच्या दस्त्यावरचा तिचा ओळख क्रमांक, ११७. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी झोपेतून उठवून विचारलं तर सांगेन.

यंत्रवेडा
एके 'कधीच अडकत नाही' हे खरं नाही, पण कमी का अडकते याला कारणं आहेत आणि ती साधी आहेत.

एक म्हणजे तिचा पिस्टन आणि बोल्ट कॅरियर हा एकच जड तुकडा आहे, आणि त्याला लागतो त्यापेक्षा जास्तच गॅस दिलेला आहे. धूळ, काजळी, थोडी वाळू असली तरी तो ती रेटत मागे जातो. दुसरं, आतल्या हलत्या भागांमध्ये मोकळी जागा आहे, त्यामुळे कचऱ्याला बाजूला सरकायला वाव मिळतो. तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे ७.६२×३९ ची गोळी (पहिला आकडा जाडी, दुसरा केसची, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्याची लांबी). हातात धरून बघा, केस मागून पुढे चांगलीच निमुळती होत जाते. म्हणून मॅगझिनला तो केळीसारखा बाक. निमुळती केस चेंबरमध्ये सहज शिरते, आणि बाहेर काढताना जरा हलली की लगेच भिंतीपासून सुटते. सरळ भिंतीची केस बाहेर येईपर्यंत घासत राहते.

पण याची किंमत मोजावी लागते. एवढा जड तुकडा पुढेमागे आदळला की नेम हलतो. आणि सेफ्टीचा लांब खटका खाली केला की उजव्या बाजूची फट उघडी पडते. तिथून दाट चिखल आत गेला तर एकेही मुकाट्याने बंद पडते. भाच्याला सांगा, धूळ आणि चिखल हे दोन वेगळे शत्रू आहेत.

मृदगंधा
मग आपली इन्सास एवढी बदनाम का झाली? तीही तशाच तत्त्वावर चालते ना?

पाषाणकर
मृदगंधा, हो, गॅस आणि पिस्टनचीच. आमच्या पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीईत (हत्यारं घडवणारी सरकारी संशोधन संस्था) तिची रचना झाली, त्यामुळे हा विषय मला जवळचा आहे आणि मी जरा सविस्तर लिहिणार आहे.

८०च्या दशकात ठरलं की एसएलआर जड आहे, आता ५.५६ ची रायफल हवी. काम लांबत गेलं. तोवर काश्मीर पेटलं आणि समोरच्याच्या हातात एके आली. ९०च्या सुरुवातीला पूर्व युरोपातून एके मागवाव्या लागल्या. इन्सास मोठ्या संख्येने पलटणींना मिळू लागली ती ९०च्या दशकाच्या शेवटी, आणि लगेच १९९९ ला कारगिल! नवी रायफल, हाताळणीची सवय नाही, आणि पहिली मोठी परीक्षा द्रास-बटालिकच्या थंडीत. थंडीत प्लॅस्टिकची मॅगझिनं तडकली, रायफली अडकल्या, तेल उडून डोळ्यांत आलं, तीन गोळ्यांच्या बर्स्टवर ठेवलेली रायफल सलग सुटली, अशा तक्रारी आल्या. पुढे २००५ मध्ये नेपाळच्या सैन्याने कालिकोटच्या लढाईत ४३ जवान गमावले आणि दीर्घ चकमकीत इन्सास बंद पडल्याचं जाहीर सांगितलं. आपल्या बाजूने उत्तर आलं की वापर आणि निगा नीट नव्हती.

मी दोन्ही बाजू मनापासून समजून घेतल्या. माझं मत असं, की मॅगझिनची तक्रार रास्त होती आणि ती नंतर सुधारलीही गेली. पण तोवर नाव गेलं होतं. जवानाचा विश्वास एकदा उडाला की पुढचा प्रत्येक खोळंबा त्याच खात्यावर लिहिला जातो. याच रायफलीने दिवसा, स्वच्छ हवेत, ३०० मीटरवर घेतलेला नेम मी पाहिलेला आहे. मला तिची नालस्ती ऐकवत नाही.

रोखठोक
पाषाणकर, भावना समजल्या, पण ज्याच्या जिवाशी गाठ आहे त्याला तुमच्या ३०० मीटरच्या नेमाचा काय उपयोग? काश्मीरमध्ये चकमक एका खोलीत होते. आणि ५.५६ ची गोळी मुळात माणसाला मारायला नाहीच, जखमी करायला आहे. एक जखमी झाला की त्याला उचलायला दोघं गुंततात, हे गणित. अतिरेक्याला उचलायला कुणी येत नाही, तो जखमी होऊनही गोळ्या झाडत राहतो. म्हणून सैन्याने परत ७.६२ घेतली.

यंत्रवेडा
रोखठोक, शेवटचा मुद्दा मान्य, 'जखमी करायला' हा मान्य नाही. छोटी गोळी आली ती वजनामुळे. ७.६२×५१ ची एक गोळी साधारण २४ ग्रॅम, ५.५६ ची १२. तेवढ्याच ओझ्यात दुप्पट गोळ्या, शिवाय धक्का कमी म्हणून नेम टिकतो. १९५२ मध्ये अमेरिकेत नॉर्मन हिचमन यांनी लढायांच्या नोंदी अभ्यासून दाखवलं की पायदळाच्या रायफलीचा खरा मारा ३०० यार्डांच्या आतच होतो. मग १००० यार्ड जाणारी जड गोळी प्रत्येकाने का वाहायची, हा प्रश्न तिथून आला. उचलायला दोघं लागण्याचं गणित बाजारगप्पांतलं आहे.

वरणगाव_भुसावळ
सगळे रायफलीवर बोलताय, गोळीवर कुणीतरी बोला! आमच्या वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात ५.५६ आणि ७.६२ दोन्ही गोळ्या बनतात, आणि माझे वडील आयुष्यभर गोळीच्या कामातच होते. म्हणून थोडं लिहिते.

काडतुसाची केस एका पितळी वाटीपासून सुरू होते. ती दाबून दाबून लांब ओढतात. प्रत्येक ओढीला पितळ कडक होतं, म्हणून मध्ये मध्ये तापवून मऊ करावं लागतं. तोंडाशी मऊ, बुडाशी कडक, असं एकाच केसमध्ये साधायचं असतं. बूड मऊ राहिलं तर एक्स्ट्रॅक्टर (केस बाहेर ओढणारी आकडी) कड ओरबाडून मोकळा होतो आणि केस आतच राहते. तोंड कडक राहिलं तर ते चिरतं. मग प्रायमर, म्हणजे पिन आदळली की बारूद पेटवणारी बुडाची टोपी: तो बुडाच्या पातळीपेक्षा किंचित आत बसला पाहिजे. जास्त आत गेला तर पिन पोचत नाही. वर राहिला तर बोल्ट मिटताना धोका.

वडील घरी आले की बोटांच्या टोकांना पितळेचा वास यायचा, साबणानेही जायचा नाही. आईच्या हातचं भरीत खाताना ते बोटं हुंगून हसायचे. जेवताना भांडं ठेवलं तरी आधी त्याची कड बोटाने फिरवून बघायचे, सवयच होती ती. आम्हा मुलांना सांगायचे, "ही गोळी कुणाच्या हातात जाणार हे मला माहीत नाही, पण त्याला मीच जबाबदार."

चंद्रभागा_तीर
वरणगावताई, हे मामांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांच्या वडलांना माझा नमस्कार सांगा."

वरणगाव_भुसावळ
वडील गेले चार वर्षांपूर्वी. तरी तुमच्या मामांचा नमस्कार फोटोपुढे पोचवला. डोळे भरून आले.

निनाद_मिशिगन
वरणगाव यांच्या मुद्द्याला जोडून. गोळीमुळे रायफल कशी मरते याचं सर्वांत मोठं उदाहरण व्हिएतनाम युद्धातली अमेरिकेची एम-१६ रायफल. इथे अमेरिकेत तो इतिहास जुने सैनिक अजून दातओठ खाऊन सांगतात.

मूळ रायफल एका प्रकारच्या बारुदीवर तपासली होती. सैन्यात घेताना गोळीतली बारूद बदलून बॉल पावडर केली. त्यामुळे गोळ्या सुटण्याचा वेग वाढला आणि आत काजळीही जास्त धरू लागली. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, व्हिएतनामच्या दमट हवेत तिथे गंज धरायचा. त्यावर कळस म्हणजे ही रायफल साफ करावी लागत नाही अशी समजूत पसरली होती, आणि सफाईचं साहित्यही पुरेसं पाठवलं नव्हतं. १९६७च्या वसंतात खे सान्हजवळच्या टेकड्यांवर अमेरिकी मरीन सैनिक लढले तेव्हा केस चेंबरमध्ये चिकटून बसायची. ती काढायला नळीच्या पुढून सळई घालून ठोकावी लागे. गोळीबार चालू असताना! घरी आईवडिलांना पत्रं गेली, ती वर्तमानपत्रांत आली, अमेरिकी संसदेत इकॉर्ड यांच्या उपसमितीने चौकशी केली आणि त्याच वर्षी ठपका ठेवला.

उपाय काय झाले? चेंबरला क्रोम, नवा बफर, सफाईचे संच, आणि विल आइसनर या चित्रकाराकडून काढून घेतलेली चित्रमय पुस्तिका, जी पोरं खरोखर वाचायची. तीच रायफल पुढे कित्येक दशकं चालली.

आणखी एक आकडा. २००७ मध्ये अमेरिकी लष्कराने धुळीच्या खोलीत चार रायफली तपासल्या, प्रत्येक जातीच्या ६०,००० गोळ्या. एम-४ ८८२ वेळा अडकली, एचके-४१६ २३३ वेळा, स्कार २२६, एक्सएम-८ १२७. पण त्या ८८२ पैकी २३९ खोळंबे मॅगझिनचे होते. जुना_फौजींची बाही आठवली.

देवगडकर
आमच्याकडे शेतीसंरक्षण परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे, आजोबांपासूनची. वानर आणि रानडुकरांसाठी. भात तयार होतो तेव्हा पाऊस गेलेला नसतो आणि खरी परीक्षा तेव्हाच. बारूद दमट झाली की चाप ओढल्यावर कॅप तेवढी 'टप्' वाजते आणि बार लागतच नाही. डुक्कर वळून बघतं आणि निवांत चरत राहतं. आजोबा बारूद चुलीवरच्या शिंक्यात कातडी पिशवीत ठेवायचे. आज घरात फ्रीज आहे, गॅस आहे, तरी बाबांनी ते शिंकं काढू दिलेलं नाही.

इतिहासवेडी
देवगडकर, तुमचं शिंकं आणि प्लासी एकाच गोष्टीत बसतात. १७५७ च्या जूनमध्ये दुपारी पाऊस आला, इंग्रजांनी बारूद ताडपत्रीने झाकली, नवाबाच्या बाजूची भिजली. त्याआधी तोड्याच्या बंदुकीला तर जामगी (बार पेटवायची वात) सतत पेटती ठेवावी लागायची. ती विझली की बंदुकीची काठी झाली.

सियाचीन_परत
थंडीबद्दल लिहितो. वर सियाचीनला आम्ही हत्यार तंबूच्या आत आणत नसू. आत आणलं की गरम हवेतली वाफ धातूवर बसते, बाहेर नेलं की तिचं बर्फ होतं आणि बोल्ट जागच्या जागी जखडतो. तेल नेहमीएवढं लावलं तर लापशीसारखं घट्ट होतं. म्हणून चिंदीने अगदी कोरडं पुसून केवळ पापुद्र्याएवढं तेल ठेवायचं. आणि उघडा हात धातूला लावायचा नाही, कातडी सोलून येते. राजस्थानातून आलेल्या पलटणीला हे सगळं नव्याने शिकावं लागतं. तिथे तेल जास्त झालं की वाळू चिकटून त्याची खरवड होते. रायफल एकच, निगा दोन.

अनाहूत
चिंदी हा शब्द ऐकून एनसीसी आठवलं! .२२ रायफल, फुलथ्रू (नळीतून ओढायची सफाईची दोरी) आणि ती पांढरी चिंदी. आमचे उस्ताद नळीत बघायचे आणि म्हणायचे, "इसमें तो बाजरा बोया है." म्हणजे नळी पुन्हा पुसा.

शून्य_प्रहर
मूळ धाग्यातला दुसरा प्रश्न मागे पडला, म्हणून लिहितो.

भाऊ म्हणतो ते अर्धं खरं आहे. युक्रेनमध्ये आज फार मोठा संहार ड्रोन आणि तोफखाना करतात. पण रायफल हे लढाईतलं मुख्य मारक हत्यार पहिल्या महायुद्धापासूनच राहिलेलं नाही, तेव्हाही बहुतेक माणसं तोफांनी मारली. तरी खंदक ताब्यात घ्यायला माणूसच जावा लागला. आजही घर, तळघर, झाडीची ओळ कुणाच्या ताब्यात आहे हे तिथे उभा असलेला जवानच ठरवतो. आणि तिथे गाठ पडते ती २०-३० मीटरवर.

बदललंय ते असं, की पूर्वी रायफल दिवसभर चालायची, आता पुष्कळ काळ ती पाठीवर असते आणि मग दोन मिनिटांसाठी सगळं तिच्यावर येतं. म्हणून भरवशाची गरज उलट वाढली. युक्रेनमध्ये दोन्ही बाजूंनी ड्रोन पाडायला छर्‍याच्या बंदुका जवानांना दिल्या. आपल्या नौदलाने रायफलीवर बसवायची इस्रायली स्मॅश-२००० यंत्रणा घेतली, ती उडतं लक्ष्य हेरून नेम जुळला की मगच गोळी सोडते. २६ जुलै २०२५ ला द्रासला तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी पायदळाच्या पलटणींत ड्रोन प्लॅटून असल्याचं सांगितलं. म्हणजे जवानाला आता आकाशही बघायचंय आणि समोरही.

रोखठोक
पटलं. पण मग आपण एकाच वेळी एवढी जातीची हत्यारं का घेतोय? ७.६२×५१ ची सिग-७१६, २०१९ मध्ये ७२,४०० आणि २०२४ मध्ये आणखी ७३,०००. अमेठीजवळ कोरव्याला एके-२०३, सहा लाखांवर, ती ७.६२×३९. शिवाय ५.५६ ची इन्सास आहेच. तीन गोळ्या, तीन मॅगझिनं. अंधारात चुकीची पेटी वर पोचली तर?

जुना_फौजी
हा प्रश्न लाखमोलाचा आहे, आणि मला याची काळजी वाटते. सिग लांबच्या मार्‍याला डोंगरातल्या ठाण्यांवर, एके जवळच्या कामाला, अशी वाटणी समजते. पण रसद पोचवणारा खच्चर आणि हमाल पेटीवरचा रंग बघून चालतो. पलटण एका गोळीवर असली की शेजारच्याचं मॅगझिन मागून घेता येतं. हेही भरवशातच मोडतं.

गिरगावकर
वेगळं लिहितोय, राहवलं नाही म्हणून. २६/११ च्या रात्री आमच्या चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या एकेची नळी दोन्ही हातांनी धरली. त्यांच्या हातात फक्त काठी होती. त्या रात्री एके अडकली नाही, चालत राहिली, आणि तरीही माणसाने ती सोडली नाही. त्या काळात मुंबईच्या पोलिसांकडे .३०३ होत्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर .३०३ जानेवारी २०२० पर्यंत वापरली. मला हत्याराच्या चर्चेत नेहमी ते दोन हात दिसतात. विशेषतः आपल्याच माणसांना जुनं हत्यार देऊन उभं केलं, याचा सल जात नाही.

पाषाणकर
गिरगावकर, सल योग्यच आहे. थोडं आशेचं सांगतो. त्याच पाषाणच्या एआरडीईत लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांच्याबरोबर ९ मिमीची 'अस्मी' मशीन पिस्तूल तयार झाली आणि सैन्याने ती घेतलीही. एआरडीई आणि आपल्या भारत फोर्जने मिळून ५.५६ ची कार्बाइनही केली. या वेळी वापरणारा पहिल्या दिवसापासून रचनेच्या टेबलावर बसला, मला यातच सगळं दिसतं. इन्सासच्या वेळी तक्रार रणांगणावरून परत यावी लागली.

मृदगंधा
चंद्रभागा, मग मामा आणि भाच्याचं काय ठरलं?

चंद्रभागा_तीर
काल अनंत चतुर्दशी झाली, भाचा आज पहाटे पलटणीत परत गेला. सगळा धागा त्याला मामांनीच वाचायला लावला, चष्मा पुसत पुसत मध्ये थांबवून. सियाचीन_परत यांचं तेलाचं त्याने वहीत लिहून घेतलं. धुळीचा आणि चिखलाचा फरक वाचल्यावर तो म्हणाला, "आजोबा, माझी नदीच्या पात्रात एकदा थांबली होती. कुणाला सांगितलं नव्हतं." मामा त्याला रागावले नाहीत. उठून कपाटातून जुना चाकू, सुतळी आणि सुती पंचा काढला, आणि पंच्याच्या सहा चिंध्या कापून त्याला दिल्या. म्हणाले, "कोतमध्ये (हत्यारांच्या खोलीत) गेल्यावर पहिल्यांदा आपली मॅगझिनं हातात घे. तोंडाचे ओठ वाकलेत का बघ, स्प्रिंग दाबून बघ, ज्याचा संशय येईल त्यावर खूण करून उस्तादांना परत दे. मग रायफल."

स्टँडवर एसटी सुटताना मामांनी खिडकीतून विचारलं, "बट नंबर?"

पोराने चटकन सांगितला.